पावती मागण्याचे धैर्य



पावसाळ्यातल्या एका शनिवारची गोष्ट. संध्याकाळच्या मिस्सासाठी आम्ही मोटारसायकलवरून मुरबाडच्या बाजूच्या एका वाडीकडे निघालो होतो. शनिवार-रविवार म्हटले की माळशेजला जाणाऱ्यांची गर्दी आणि त्यामुळे रस्त्यावर बंदोबस्तही. एका नाक्यावर हवालदाराने हात केला. आम्ही गाडी बाजूला घेतली. लायसन्स होते, विमा होता, डोक्यावर हेल्मेटही होते. पण पीयूसी पाहिली तर मुदत संपून अकरा दिवस झालेले! छातीत धडधडू लागले. माणूस चाळिशी ओलांडलेला असो, धर्मगुरू असो, खाकी वर्दीपुढे कागद चाचपडताना तो पुन्हा शाळकरी मुलगा होतो.

हवालदाराने कागद पाहिले, मग आमच्या गळ्यातला क्रूस पाहिला. "चर्चचे फादर का? जा, जा. पीयूसी काढून घ्या." आम्ही आभार मानले आणि किक मारली. निघताना शेजारी पाहिले, तर आपल्याच धर्मग्रामातले दोन तरुण गाडी उभी करून खाली मान घालून उभे होते. आम्ही त्यांना ओळखले. हात केला. वाडीवर लोक खोळंबले असतील असे मनाशी म्हटले आणि पुढे निघून गेलो.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते दोघे चर्चच्या ओट्यावर थांबले. त्यांतला एक म्हणाला, "फादर, तुम्ही गेल्यावर आम्ही मामाला दोनशे दिले आणि सुटलो. पावती नाही मिळाली. हे पाप आहे का?" दुसरा काहीच बोलला नाही. तो आमच्याकडे नुसता पाहत होता.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून त्या दोघांच्या परवानगीने आज आम्ही तो आपणा सर्वांपुढे मांडत आहोत. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज दुचाकी आहे. आसनगाव स्टेशनला लोकल गाठायची, आटगावच्या कारखान्यात पाळीला जायचे, किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या बाजाराला जायचे, तर तीच आपला आधार. आज ना उद्या प्रत्येकाला नाक्यावर थांबावे लागणारच.

पहिल्याने दोन गोष्टी वेगळ्या करू या. समजा, माझे सगळे कागद बरोबर आहेत, मी काहीही चूक केलेली नाही आणि तरीही समोरचा माणूस गाडी अडवून पैसे मागतो. ही खंडणी आहे. येथे मी नाडला गेलो आहे. आता समजा, माझ्याकडे लायसन्स नाही, दंड मोठा आहे आणि मी थोडक्यात भागवतो. हा सौदा आहे. येथे विकणारा एक आहे आणि विकत घेणारा मी आहे. दोन्ही वेळी खिशातून नोट जाते, दोन्ही वेळी आपण घरी येऊन "पोलिसाने पैसे खाल्ले" असेच सांगतो. पण दुसऱ्या वेळी आपण अर्धीच गोष्ट सांगत असतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला अ‍ॅरिस्टॉटलचे एक उदाहरण शिकवले होते. जहाज वादळात सापडते. जीव वाचवायचा म्हणून लोक आपल्याच हातांनी माल समुद्रात फेकतात. हे कृत्य त्यांनी राजीखुशीने केले की नाइलाजाने? एरवी कोणी स्वतःचा माल पाण्यात टाकत नाही, पण त्या क्षणी फेकणारे हात त्यांचेच असतात. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की अशी कृत्ये मिश्र असतात, तरीही ती स्वेच्छेच्या बाजूला अधिक झुकतात. भीतीमुळे आपली जबाबदारी कमी होते, पण ती पुसली जात नाही. संत थॉमस अक्वायनसने याच वाटेने पुढे विचार केला. दरोडेखोरांच्या तावडीत सापडलेल्या माणसाने जीव वाचवण्यासाठी आपले धन कोठे आहे ते दाखवले, तर पाप लुटणाऱ्याचे, दाखवणाऱ्याचे नव्हे, असे तो सांगतो.

नाक्यावर यातले कोणते लागू पडते? ज्याची चूक नाही आणि ज्याला रात्रीच्या वेळी, एकट्याला, धाक घालून पैसे काढायला लावले, तो दरोडेखोरांपुढे उभा असलेल्या माणसासारखा आहे. त्याला आम्ही पापी म्हणणार नाही. पण ज्याने स्वतःच नोट घडी करून लायसन्सच्या पाकिटात ठेवून दिली, त्याने वादळाचे नाव सांगू नये. तेथे वादळ नव्हतेच.

नवल म्हणजे आपल्या देशाच्या कायद्यानेही हाच भेद केला आहे. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला ते कळवले, तर तो गुन्हेगार ठरत नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. म्हणजे कायदा आपल्याला विचारतो : तुला खरेच भाग पाडले गेले होते ना? मग सात दिवस गप्प का बसलास?

आता त्या दोघांकडे वळू या. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे विना परवाना गाडी चालवण्याचा दंड ५००० रुपये आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या पोराची ही दहा-बारा दिवसांची मजुरी. दोनशेत सुटण्याचा मोह त्याला का पडला, हे कळायला धर्मगुरू असण्याची गरज नाही. आम्ही त्याला कठोर शब्द बोललो नाही. पण खोटेही बोललो नाही. आम्ही म्हणालो, "बाळा, हा सौदाच होता. आणि त्यात तू वाटतो तितका स्वस्तात सुटला नाहीस. तुझ्याकडे लायसन्स आजही नाही. उद्या दुसऱ्या नाक्यावर पुन्हा दोनशे. आणि देव न करो, गाडीखाली कोणी आले तर?" दंड माणसाला निदान आपली चूक दुरुस्त करायला लावतो. चिरीमिरी ती चूक जिवंत ठेवते आणि तिच्यावर दर महिन्याला व्याज घेते.

काही तरुण आम्हाला उलट विचारतील, "मग काय, तावातावाने भांडायचे?" नाही. लाचारी आणि आरडाओरडा यांच्यामधून एक तिसरी वाट जाते. राग कोठवर नेतो, हे आपण मुंबईत पाहिले आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी खार येथे एका पेट्रोल पंपावर वाहतूक पोलीस हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला हटकले. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतले. भावाने मागून शिंदे यांच्या डोक्यात बांबू घातला. ३१ ऑगस्टला शिंदे यांचे रुग्णालयात निधन झाले. साध्या तपासणीतून एक घर पोरके झाले आणि दुसऱ्या घरातल्या मुलांचे आयुष्यही नासले.

आणि चूक नेहमी एकाच बाजूची नसते. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेला एक दुचाकीस्वार पोलिसांनी हात करूनही थांबला नाही. एका पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून चालत्या गाडीला लाथ मारली. मागे बसलेली त्याची पत्नी खाली पडून मरण पावली. थांबला असता तर दंड भरून सुटला असता. पण न थांबण्याची शिक्षा मृत्यू नसते, हे वर्दीतल्या माणसाने विसरायला नको होते.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखी आहे. समोर माणूस उभा आहे, हेच कोणीतरी विसरले. एकाला फक्त वर्दी दिसली, दुसऱ्याला फक्त पळणारी गाडी. दिवसभर उन्हापावसात धूर गिळत उभा असलेला हवालदारही मनातून धास्तावलेला असतो. येणारा कोण आहे, प्यालेला आहे का, अंगावर गाडी घालेल का, हे त्याला ठाऊक नसते. तुमची भीती तुम्हाला दिसते, त्याची दिसत नाही, एवढेच.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. योहान त्यांना वर्दी उतरवायला सांगत नाही. धाक घालून कोणाचे पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीही नाकी होती आणि मोहही हाच होता. पण ते शिपाई स्वतःहून विचारायला आले होते, हे आपण विसरू नये. वर्दीतही विवेक असतो. आपण पुढे केलेली नोट त्या विवेकाचीही परीक्षा पाहते, कधी कधी त्याला पाडते. दुसऱ्याला पापात ढकलणे हेही पापच.

मग नाक्यावर वागावे कसे? हात केला की गाडी डावीकडे घेऊन थांबवावी, इंजिन बंद करावे, हेल्मेट काढून चेहरा दिसू द्यावा. पळू नये. "नमस्कार साहेब" म्हणण्याने कोणी लहान होत नाही. वर्दीतल्या पोलिसाने मागितल्यावर कागद दाखवणे हे कायद्याने आपले कर्तव्य आहे. डिजिलॉकरमधले लायसन्स आणि आरसी बुक २०१८ पासून ग्राह्य धरले जाते, त्यामुळे "कागद घरी राहिले" ही सबब आता नको. चूक असेल तर "चुकलो" म्हणावे आणि ई-चलान करायला सांगावे. दंड नंतरही ऑनलाइन भरता येतो. पैसे मागितले तर आवाज न चढवता म्हणावे, "साहेब, पावती द्या, दंड भरतो." बहुतेक वेळा एवढे वाक्य पुरते. नाही पुरले आणि धोका वाटला, तर तेथे शूरपणा करू नये. वेळ, जागा, नाव ध्यानात ठेवून सुखरूप घरी यावे आणि मग तक्रार करावी. आमदारांचे किंवा सरपंचांचे नाव मात्र घेऊ नये. ओळख सांगणे हीदेखील एक नोटच आहे.

आईवडिलांनाही एक शब्द. दहावीतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणे हे लाड नव्हेत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, अशी २०१९ च्या कायद्यात तरतूद आहे. त्याहून मोठी शिक्षा कोणती, ती मुलाच्या शवपेटीमागून चाललेल्या आईबापांना विचारावी लागत नाही.

आता शेवटचे, आणि आम्हाला सर्वांत जड जाणारे. ओट्यावर न बोलणाऱ्या त्या दुसऱ्या तरुणाची नजर आम्हाला विसरता येत नाही. त्या शनिवारी आम्ही पैसे दिले नाहीत. पण आमची चूक माफ झाली ती गळ्यातल्या क्रूसामुळे. त्या पोरांच्या गळ्यात क्रूस नव्हता, अंगावर कामाचे मळके कपडे होते. म्हणजे आम्हीही पावतीशिवायच सुटलो. "माझेही चलान करा" असे म्हणता आले असते. दहा मिनिटे उशीर झाला असता. दोन पावले मागे येऊन त्या दोघांशेजारी उभे राहता आले असते. तेवढ्याने कदाचित पोरांना धीर आला असता, कदाचित हवालदारालाही. आम्ही ते केले नाही. मिस्साची घाई हे कारण खरे होते, पण पुरेसे नव्हते. सोमवारी आम्ही पीयूसी काढली. त्या दोघांची माफीही मागितली.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता आधारच्या साहाय्याने घरबसल्या ऑनलाइन देता येते. अडचण असते ती फॉर्मची आणि फोनची. येत्या रविवारपासून मिस्सानंतर ओट्यावर आपले काही तरुण फोन घेऊन बसणार आहेत. ज्याचे लायसन्स नाही, त्याने लाजू नये, यावे. पक्क्या लायसन्ससाठी गाडी चालवून दाखवावी लागते, ती तयारीही करून घेऊ. यादीत पहिली दोन नावे त्या दोघांची आहेत.

आणि पुढच्या वेळी नाक्यावर आम्हाला कोणी "जा फादर" म्हणाले, तर आम्ही काय करतो, याकडे आपण अवश्य लक्ष ठेवा.

आपले धर्मगुरू