हे खरं मॅजिक नाही गं

मागच्या डिसेंबरात मावसबहिणीने मला हरवलं. ती अकरावीत आहे. मी 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून खेळतोय, ती तीन आठवड्यांपासून. तिच्या डेकमध्ये 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टूनमधला आंग होता. त्याने माझा सगळ्यात भारी प्राणी फुंकर मारल्यासारखा उडवून लावला आणि पुढच्या दोन डावांत मी संपलो. मी म्हणालो, "हे खरं मॅजिक नाही गं." ती "बरं दादा" म्हणाली, कार्डं गोळा केली आणि आत जाऊन मोबाईल घेऊन बसली.

हरलेल्या माणसाचं वाक्य, त्यामुळे त्याला फार किंमत देऊ नये. पण ते माझ्या तोंडून कुठून आलं, हा प्रश्न काही केल्या सुटेना.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने तो काढला. प्रत्येक जण हजारो कार्डांतून निवडून स्वतःचा डेक बांधून आणतो. दर काही महिन्यांनी नवा संच येतो आणि बहुतेक वेळा त्याच्यासोबत एक नवं जग येतं. २००५ मध्ये दहा टोळ्यांनी वाटून घेतलेलं राव्हनिका शहर आलं, २०११ मध्ये भुताखेतांचं इनिस्ट्राड. २०१६ मध्ये भारतावर बेतलेलं कलादेश आलं, ज्याचं नाव २०२५ मध्ये बदलून 'अविष्कार' केलं. (जुनं नाव मोठ्याने म्हणून पाहा, का बदललं असेल याचा अंदाज येईल.) ही जगं पुस्तकातल्यासारखी सलग भेटत नाहीत. एका कार्डावर चित्र, दुसऱ्यावर तिरक्या अक्षरांत दीड ओळ, तिसऱ्यावर एखादं नाव. अशी पन्नास-साठ कार्डं हाताखालून गेली की डोक्यात एक गाव उभं राहतं. अॅव्हासिन नावाची देवदूत कोण, हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी ते खेळता खेळता जोडलं.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये 'द वॉकिंग डेड' या मालिकेतली पाच पात्रं कार्डांवर आली. फक्त एक आठवडा विक्री, आणि त्या कार्डांवरचे नियम दुसऱ्या कुठल्याच कार्डावर नव्हते. म्हणजे आठवडा चुकला की ती ताकद विकत घेण्याची संधीही गेली. बोंबाबोंब झाली ती बरोबरच होती. पण पुढच्या वर्षी कंपनीने अशा पाहुण्यांसाठी 'युनिव्हर्सेस बियॉन्ड' हा ब्रँडच जाहीर केला. २०२३ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्ज आलं. त्यातल्या अंगठीच्या कार्डाची एकच छापलेली खास प्रत पोस्ट मलोन या गायकाने विकत घेतली, किंमत वीस लाख डॉलरच्या घरात सांगितली जाते. २०२५ मध्ये मुख्य स्पर्धाप्रकारासाठी सहा मोठे संच आले आणि त्यातले तीन बाहेरचे होते: फायनल फँटसी, स्पायडरमॅन, अवतार.

माझ्या वाक्यामागचा पहिला युक्तिवाद शुद्धतेचा होता: या जगात दुसऱ्या जगाचं काही नको. तो दोन मिनिटंही टिकत नाही. खेळाचा पहिलाच विस्तार, डिसेंबर १९९३ मधला, 'अरेबियन नाइट्स' होता. त्यात अलादिन आहे, अलीबाबा आहे, शहराझाद आहे. १९९९ मध्ये चीनच्या तीन राज्यांच्या कथेतले लिऊ बेई आणि त्साओ त्साओ आले. आमचं शुद्ध जग जन्मल्यापासूनच उसनं होतं.

आणि हे पत्त्यांना नवंही नाही. सावंतवाडीची गंजिफा पाहा. मुघल गंजिफात आठ रंगांचे ९६ गोल पत्ते, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, ही मांडणी तीच राहिली. मुघल खेळात दिवसा एका रंगाचा राजा डाव सुरू करतो, रात्री दुसऱ्याचा. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. नियम परक्याचा, नाव आपल्या देवाचं. आणि बसलंय असं की मुद्दाम देवांसाठीच बनवलंय वाटावं: राम सूर्यवंशी, कृष्ण मध्यरात्री जन्मलेला. तेव्हा "हा खरा गंजिफा नाही" म्हणत कुणी रुसून आत जाऊन बसलं असेल का, कोण जाणे.

दुसरी बाजू म्हणते, नाव म्हणजे फक्त वेष्टन. मी दिवसभर कोड लिहितो, मला हे पटायला हवं. सिस्टिमला आयडी लागतो, नाव ही नुसती स्ट्रिंग, कधीही बदला. मॅजिकमध्ये याचा पुरावाच आहे. वॉकिंग डेडच्या रिकचं कार्ड पुढे 'ग्रेमंड' या नावाने मॅजिकच्या स्वतःच्या जगात पुन्हा छापलं. नियमपुस्तक दोन्ही नावं एकच मानतं, डेकमध्ये दोन्हींची मिळून चारच कार्डं चालतात. स्पायडरमॅनचं तर आणखी मजेशीर. छापील संचात स्पायडरमॅन, पण हक्कांच्या अडचणीमुळे अरीना या ऑनलाइन आवृत्तीत तीच कार्डं वेगळ्या नावांनी, वेगळ्या चित्रांनी आली. म्हणजे दुकानातल्या टेबलावर पीटर पार्कर, आणि मी मेट्रोत मोबाईलवर खेळतो तेव्हा त्याच जागी भलताच कोणीतरी. किंमत तीच, ताकद तीच. खेळ एका इंचानेही हलत नाही.

पण इथेच मला अडायला होतं. नाव म्हणजे काहीच नसेल तर कंपनी त्यासाठी परवाना कशाला घेते? माझी बहीण तीन आठवड्यांपूर्वी दुकानात का गेली? ग्रेमंडसाठी तर नक्कीच नाही. नाव विकताना "बघा, आंग आहे!" म्हणायचं आणि कुणी कुरकुर केली की "अरे, नुसतं नाव तर आहे" म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही. नावाला वजन असेल तर ते तिच्या आनंदातही आहे आणि माझ्या कुरकुरीतही.

बुद्धिबळाशी तुलना करून पाहिली. कुणी घरी सुपरहिरोंच्या सोंगट्या घेऊन खेळत असेल तर मला काय त्याचं? पण मॅजिकमध्ये समोरच्याची सोंगटी माझ्याही डावात येते. चित्र त्याने आणलं तरी ते टेबलावर आहे तोवर मलाही त्याच गोष्टीत बसावं लागतं. कल्पनेत सामील व्हायला माझी संमती कुणी विचारली का? हे लिहिताना भारी वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा हसू आलं. मी नऊ वर्षं लोकांच्या समोर व्हॅम्पायर आणि किडे मांडतोय. मी कधी विचारलं होतं?

तर अन्याय कुणी केलेला नाही, असं मला आता वाटतं. (आठवड्याभराची ती विक्री सोडून. तो अन्यायच होता, पण त्याचा झोंबींशी काही संबंध नाही.) तरीही काहीतरी गेलंय, आणि ते गेल्याचं वाईट वाटायला कुणी दोषी सापडलाच पाहिजे असंही नाही. चाळीच्या जागी टॉवर झाला, सगळ्यांना मोठी घरं मिळाली, तरी एखादी आजी गॅलरी आठवून गप्प होते. तिला कोणी फसवलेलं नसतं.

नेमकं काय गेलं? आंग येतो तेव्हा त्याच्यावरचं प्रेम आधीच झालेलं असतं, दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडे, तीन सीझन खपून घडवलेलं. अॅव्हासिनचं तसं नव्हतं. ती अनोळखी आली होती, आणि ओळख करून घेण्याचं काम माझ्यावर होतं. वर्षाचे सहा संच असतील आणि त्यातले तीन ओळखीचे, तर अनोळखी असण्याची जागा निम्मी होते. आणखी एक: परवान्यावर आलेल्या पाहुण्याचं खेळाच्या गोष्टीत काही बरंवाईट होऊ शकत नाही. इनिस्ट्राडची अॅव्हासिन वेडी झाली आणि संपली. स्पायडरमॅनला आम्ही असं काही करू शकत नाही, तो जसाच्या तसा परत द्यायचाय.

एवढं सगळं जमवून झाल्यावर मी आंगचं ते कार्ड पुन्हा नीट वाचलं. अवतारच्या संचात 'एअरबेंड' नावाची क्रिया आहे. ती समोरच्या प्राण्याला मारत नाही. तो खेळाबाहेर जातो, आणि त्याचा मालक दोन माना देऊन त्याला परत आणू शकतो. मी कार्टून पाहिलेलं नाही. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, आंग कुणाला मारत नाही ना. शेवटच्या लढाईत तोच तर सगळा घोळ असतो."

म्हणजे नऊ वर्षं खेळूनही ते कार्ड मला वाचता आलं नव्हतं. तिला तीन आठवड्यांत आलं होतं. आणि तो डाव? माझ्याकडे दोन माना होत्या. मी माझा प्राणी परत बोलवू शकत होतो. मी कार्ड न वाचताच रागावलो होतो.

हे तिला सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली. मग म्हणाली, "दादा, पुढच्या रविवारी तुझा तो जुना डेक आण. त्यातली ती पंखवाली बाई कोण आहे ते सांग, पण खेळताना सांग. आत्ता नको."