दोन स्लॉट, दोन वाटा

बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड घ्या. त्यावर एसएसडीसाठी सहसा दोन एम.२ स्लॉट असतात: एक प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांच्या मधे, दुसरा खाली. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब पट्टी दोन्हींत सारखीच चपखल बसते. म्हणून हात पोचेल तिथे ती खोचून लोक मोकळे होतात.

फरक असतो तो प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत. वरच्या स्लॉटच्या चार लेन थेट प्रोसेसरला जातात, त्यांत दुसरा वाटेकरी नाही. खालचा स्लॉट जातो चिपसेटमार्गे, आणि चिपसेट म्हणजे चाळीचा सामायिक जिना. साटा, नेटवर्क, काही यूएसबी, सगळ्यांची ये-जा तिथूनच. तिथून प्रोसेसरपर्यंतचा दुवाही पीसीआय एक्स्प्रेस ३.०च्या चारच लेनचा, सेकंदाला जेमतेम चार जीबी. सेकंदाला सात जीबी वाचणारा ४.० एसएसडी खाली लावला की तो साडेतीनच्या आसपास अडतो.

मग वरचाच लावा, विषय संपला? तसंही नाही. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना बारीकसारीक विखुरलेल्या फायली वाचल्या जातात. तिथे साडेतीन काय आणि सात काय, बसल्या जागी कळतही नाही. कळतं ते शंभर जीबीचं फुटेज सलग वाचताना. शिवाय वरच्या स्लॉटला गेम खेळताना ग्राफिक कार्डाच्या पाठीची धग लागते, आणि एसएसडी फार तापला की स्वतःच वेग उतरवतो. तेव्हा हीटसिंक लावायचाच, पण आधी त्याच्या पॅडवरचं प्लास्टिक सोलून. (ते तसंच ठेवणारे महाभाग कमी नाहीत.)

खालच्या स्लॉटची एक खोड मात्र जास्त छळते. अनेक बोर्डांवर तिथे एसएसडी बसला की साटाचे दोन पोर्ट, बहुधा पाचवा आणि सहावा, बंद होतात. जुनी हार्ड डिस्क नेमकी त्यांतल्या एकात असेल तर ती दिसेनाशी होते, आणि माणूस डिस्क गेली म्हणून कपाळाला हात लावतो. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत छापलेलं असतं.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी असेल तर वेगाचा वादच मिटतो. तो ३.०च्याच लेन देतो, बोर्डाच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. अशा मशीनसाठी ४.०चे जादा पैसे मोजण्यापेक्षा जास्त जागेचा ३.० एसएसडी घ्यावा.