बोलणारा कुत्रा आणि विकलेले करडू



गेल्या नाताळापूर्वी दोन आठवडे, सायंप्रार्थना आटोपल्यावर, आमच्या मंडळीतील एक बंधू मागे थांबले व मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाळकसाहेब, पोरीसाठी ह्यातला कोणता कुत्रा घ्यावा, तेवढं सांगा." हे बंधू अंबड तालुक्यातील एका खेड्यात राहतात व जालन्यास लोखंडी सळयांच्या कारखान्यात कामाला जातात. त्यांची मुलगी आठ वर्षांची आहे. मोबाईलवर दोन यांत्रिक कुत्र्यांची चित्रे होती. एक काहीशे रुपयांचा. टाळी वाजविली की भुंकावे, चार पावले चालावे, शेपूट हलवावी, एवढेच त्याचे काम. दुसऱ्याची किंमत त्यांच्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी. त्याच्या डोक्यावरून हात फिरविला की तो डोळे मिटतो, दुर्लक्ष केले की कण्हतो, मुलाचे नाव लक्षात ठेवतो, आणि इंटरनेटच्या साहाय्याने प्रश्नांची उत्तरेही देतो.

मला प्रथम हसू आले. ज्या गावात रात्री कुत्र्यांमुळे झोप लागत नाही, तेथे पैसे देऊन कुत्रा आणावयाचा, तोही सेलवर चालणारा! परंतु ते बंधू हसले नाहीत. थोड्या वेळाने खाली पाहून म्हणाले, "ती अजून करडूच मागते." मग माझेही हसू मावळले, कारण त्या करडाच्या प्रकरणात माझाही हात होता. ते पुढे सांगेन.

ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहे तो असा: जी वस्तू जिवंत नाही, पण जिवंतासारखी वागते आणि मुलावर प्रेम असल्याचे दाखविते, ती मुलाच्या हाती देणे योग्य आहे काय? आणि देणारच असलो, तर कशी निवडावी?

आमच्या एका वृद्ध उपदेशकांनी हा प्रश्न एका वाक्यात मिटविला. ते म्हणाले, ही मूर्तीच होय, घरात नको. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे, पण येथे त्यांचे म्हणणे मला पटले नाही. मूल बाहुलीला निजविते तेव्हा ते तिची पूजा करीत नाही, ते खेळते. मोहेंजोदडो येथील उत्खननात मान हलविणारा मातीचा बैल सापडला आहे. तो चार हजार वर्षांहून अधिक जुना आहे. म्हणजे हलणाऱ्या प्राण्याची हौस काही आजची नव्हे. आपल्या मराठवाड्यात पोळ्याच्या सुमारास मातीचे बैल बाजारात येतात. (पोळ्याविषयी आपल्या मंडळ्यांत निरनिराळी मते आहेत, तो वाद आज नको.) तो बैल हाती असलेल्या पोराला विचारा, हा कडबा खाईल काय? ते तुम्हांलाच वेडे समजेल. खेळताना त्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात: हा बैल आहे, आणि ही माती आहे. त्यात कोणाची फसवणूक नाही.

परंतु वृद्ध उपदेशकांच्या बोलण्यात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. स्तोत्रकर्ता मूर्तींविषयी सांगतो की त्यांस तोंड असून बोलता येत नाही, कान असून ऐकू येत नाही. ह्या नव्या खेळण्यास बोलता येते, आणि ऐकूही येते. मातीचा बैल गप्प राहून खरे बोलतो. हा कुत्रा मात्र तोंडाने "मला तुझी आठवण आली" असे म्हणतो. आठवण येण्याजोगे त्याच्या आत काहीच नाही. मग हे असत्य कोणाचे? यंत्राचे नव्हे, कारण ज्याला सत्य कळत नाही त्याला खोटे बोलता येत नाही. ते असत्य, असलेच तर, त्यास तसे बोलावयास लावणाऱ्याचे आहे, आणि काही न सांगता ते मुलाच्या हाती देणाऱ्या आईबापांचे आहे.

ही खेळणी कशी आली हे थोडक्यात सांगतो. इ.स. १९९६ साली जपानात तामागोची नावाचे अंड्याएवढे खेळणे निघाले. त्याच्या लहानशा पडद्यावरील प्राण्यास वेळेवर खाऊ घातले नाही तर तो मरे. १९९८ साली अमेरिकेत फर्बी हे केसाळ, बडबडे खेळणे आले. १९९९ साली सोनी कंपनीने आयबो हा यांत्रिक कुत्रा अडीच लाख येन किंमतीस काढला, तेव्हा जपानातील तीन हजार कुत्रे वीस मिनिटांत खपले. २००६ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले आणि २०१४ साली दुरुस्तीही बंद केली. पुढे चिबा प्रांतातील इसुमी येथील एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. विधीनंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंच्या दुरुस्तीस वापरीत. आपण त्या लोकांस हसू नये. आईच्या माघारी तिचे जाते टाकवत नाही, अशी घरे आपल्यातही आहेत.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट २०२४ सालची आहे. अमेरिकेत मॉक्सी नावाचा एक लहान यंत्रमानव मुलांचा सोबती म्हणून विकला जात असे; त्याची किंमत सुमारे आठशे डॉलर होती. त्याची बुद्धी त्याच्या पोटात नव्हती, कंपनीच्या दूरच्या संगणकांत होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात पैशाअभावी कंपनी बंद होत असल्याचे जाहीर झाले, आणि आपला मित्र आता बोलणार नाही हे लेकरांना कसे सांगावे, अशी पाळी आईबापांवर आली. काही यंत्रे चालू ठेवण्याची युक्ती नंतर निघाली म्हणतात. तरी पाहा, शेळी मेली तर ती का मेली हे मुलाला दाखविता येते. कंपनीचे भांडवल संपले म्हणून मित्र मेला, हे मुलाला कसे समजवावे?

अमेरिकेतील शेरी टर्कल ह्या विदुषीने अशा खेळण्यांशी खेळणाऱ्या मुलांचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. तिला असे आढळले की मुले "हे जिवंत आहे की नाही" असे न विचारता, "माझ्या कामापुरते जिवंत आहे" असे ठरवून मोकळी होतात. तिने एका प्रयोगाचाही उल्लेख केला आहे. एक बाहुली, एक फर्बी आणि एक खरा उंदरासारखा लहान प्राणी, ही तिन्ही उलटी टांगून धरावयाची, आणि कोणास किती वेळ तसे धरवते ते पाहावयाचे. बाहुलीस मनुष्य केसांनी धरून कितीही वेळ लटकवितो. प्राण्यास लगेच सरळ करतो. फर्बी "मला भीती वाटते" म्हणून रडू लागला की, हे यंत्र आहे असे ठाऊक असूनही, त्यासही थोड्याच वेळात सरळ करतो.

ह्या दयेस काय म्हणावे? ती वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने म्हटले आहे की जो मनुष्य जनावरांशी क्रूरपणे वागतो, तो माणसांशीही कठोर होतो. यांत्रिक कुत्र्यास लाथ मारणाऱ्या मुलास मी देखील दटावीन. कुत्र्यासाठी नव्हे, तर त्या मुलासाठी.

ह्यावर विचार करीत असता मला नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवली. तो दावीद राजाकडे गेला व त्यास गरीब मनुष्याच्या एकुलत्या मेंढीची कथा सांगितली. ती मेंढी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे. श्रीमंताने ती नेऊन कापली, हे ऐकून राजाचा संताप अनावर झाला. वाचकहो, ती मेंढी कोठेच नव्हती! ती कथेतली होती, मातीच्या बैलाइतकीही खरी नव्हती. तरी दाविदाची दया खरी होती, आणि नाथानाने त्या खऱ्या दयेला हाताशी धरून राजाला उरियाच्या रक्तापर्यंत नेऊन उभे केले. म्हणून कल्पित प्राण्यावर दया करणे हा दोष नव्हे. ती दया धरून तिला पुढे खऱ्या जीवापर्यंत नेणारा कोणी तरी असावा लागतो. कुत्रा कण्हला की त्यास गोंजारावे, गोंजारले की त्याने डोळे मिटावे, येथेच जर सर्व संपत असेल, तर ती दया दुकानातून निघून दुकानातच परत गेली. मुलाच्या शेजारी नाथान हवा, आणि तो यंत्रात बसवून मिळत नाही.

जिवंत जनावर हे काम आपोआप करते, कारण ते नाही म्हणते. पान्हा चोरते, लाथ मारते, रात्री आजारी पडते. इ.स. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा स्वतःसाठी पाणी नसता बैलांसाठी पाणी शोधणारे शेतकरी पुष्कळांनी पाहिले आहेत. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, हा नीतिसूत्रांतील उपदेश त्यांस कोणी शिकविला नव्हता.

परंतु येथे आपली बाजूही फार उजळ नाही, आणि आता त्या करडाकडे येतो. ते उस्मानाबादी जातीचे काळे बोकड होते. शेळीस दूध कमी, म्हणून मुलीने त्यास बाटलीने वाढविले. ते तिच्यामागून शाळेच्या फाटकापर्यंत जाई. पेरणीच्या वेळी बियाणे व खत घ्यावयास पैसा नव्हता. बापाने बोकड आठवडे बाजारात विकले. त्यात पाप नाही. शेळी ही गरिबाची गाय, आणि बोकड विकण्यासाठीच असते. पण मुलीला त्यांनी सांगितले की चरताना ते हरवले. असे सांगू का, हे त्यांनी मला विचारले होते, आणि मी उत्तर दिले होते, "सांगा. लेकरे विसरतात." मुलगी विसरली नाही. सहा महिने ती संध्याकाळी ओढ्याकडे जाऊन त्यास हाक मारीत होती. आता त्या असत्यावर दुसरे एक बोलके असत्य आणून ठेवण्याची सल्ला बाप मागत होता, आणि मागत होता तोही माझ्याकडे.

मी त्यांस म्हणालो, "भाऊ, कुत्रा कोणता घ्यावा ते सांगतो, पण आधी करडाचे खरे सांगावे लागेल, आणि मी बरोबर येईन."

कुत्र्याविषयी मी जे सांगितले ते इतर आईबापांस उपयोगी पडेल म्हणून लिहितो. भारतात २०२१ सालापासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे सक्तीचे आहे. ते नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसविलेले असावे. बटणासारखा लहान सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते, आणि आपल्या खेड्यांतून मोठे इस्पितळ दोन तासांच्या आत गाठणे किती कठीण, हे तुम्ही जाणताच. जे खेळणे ऐकते, ते कोणासाठी ऐकते, हेही विचारावे. २०१७ साली जर्मनीच्या सरकारने केला नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण तिच्यातून परक्या मनुष्यास घरातील बोलणे ऐकता येत असे. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती हवी असे म्हटले आहे; पण मोबाईलवर "मान्य" हे बटण न वाचता दाबणारे आपण, ती संमती कशाला दिली हे आपणांस तरी कोठे ठाऊक असते? शेवटी, खेळणे बंद पडल्यावर त्याचे काय उरते ते पाहावे. बंद पडल्यावरही ज्याच्याशी खेळता येते, ते खेळणे खरे.

म्हणून मी स्वस्त कुत्र्याकडे बोट दाखविले. यांत्रिक प्राणी सर्वत्र निषिद्ध, असे मी म्हणत नाही. जपानातील पारो नावाचा यांत्रिक सील स्मृती गेलेल्या वृद्धांस शांत करतो. ज्या मुलास दम्यामुळे केसाळ प्राणी जवळ घेता येत नाही, त्याचीही गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मुलीपुढे बसलो. बापाने सर्व सांगितले, आणि मीही माझा वाटा सांगितला. ती रडली नाही. तिने विचारले, किती रुपयांना विकले. बापाने आकडा सांगितला. मग विचारले, त्या पैशाचे काय आणले. तो तिला शेतात घेऊन गेला व तूर दाखविली. ती तेथे रडली. माझ्याशी ती जवळजवळ महिनाभर बोलली नाही. रविवारच्या शाळेत येई आणि मागे बसे.

कुत्रा नाताळास आला. फेब्रुवारीत त्याचे सेल संपले व नवे कोणी घातले नाहीत. तिने त्याच्या गळ्यात सुतळी बांधली आहे व ती त्यास ओढीत नेते. भुंकण्याचे काम स्वतःच करते. शेळी पुन्हा गाभण आहे. ह्या खेपेस होणारे करडू विकावयाचे की ठेवावयाचे, हे ते विण्याच्या आधीच मुलीसमक्ष ठरवावे असे बाप म्हणतो, आणि त्या बैठकीस पाळकाला बोलवावयाचे की नाही, ते मुलीवर सोपविले आहे.