ताप उतरल्यावर

रोग संपला असे केव्हा म्हणावे? वैद्य म्हणतो, ताप उतरला म्हणजे. सरकारी नोंदवही म्हणते, साथ ओसरली म्हणजे. आणि ज्याच्या देहात तो रोग शिरला होता तो मनुष्य, सहा महिन्यांनी भिंतीचा आधार घेऊन उठताना, अजून संपलेला नाही असे म्हणतो. ह्या तिघांपैकी खरे कोणाचे मानावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. आमच्या मते तो त्याहून अधिक नीतिशास्त्राचा आहे.

चिकनगुनियाचेच उदाहरण घ्या. १९५२-५३ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ही साथ प्रथम ओळखली गेली. तिचे नाव तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतले असून, सांधे धरल्यामुळे देह वाकून जाणे असा त्याचा आशय आहे. नाव रोग्यांनी दिले. शास्त्राने ते केवळ उचलले. आपल्या देशात हा विषाणू १९६३ साली कलकत्त्यास व १९७३ साली आपल्या बार्शीस येऊन गेला, आणि नंतर सुमारे तीन तपे जवळजवळ दिसेनासा झाला. तो परतल्यावर २००६ ह्या एका वर्षात देशभर सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची सरकारी नोंद झाली. मृत्यूच्या रकान्यात मात्र शून्य. जो रोग मारीत नाही त्याच्या मागे वर्षानुवर्षे लागण्याची उत्सुकता कोणास असणार?

परंतु बोटे, मनगटे आणि घोटे ह्यांत ठाण मांडून बसलेले ह्या रोगाचे दुखणे काहींना महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे सोडीत नाही. ताडोबाच्या दाराशी वसलेल्या मोहर्लीसारख्या गावात ह्याचा अर्थ काय होईल, ह्याचा विचार करावा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ह्या वनपट्ट्यात उन्हाळा लागला की मोहफुले वेचावयाची, त्यामागून तेंदूपाने तोडावयाची, घरी बसून त्यांचे पुडे बांधावयाचे आणि ते फळीवर मोजून द्यावयाचे. जितके पुडे तितकी मजुरी. शहरातल्या कारकुनाची बोटे आखडली तर त्याला रजा मिळते. येथे बोटे आखडली की पुडे कमी भरतात, आणि घरचे लोकही कामचुकार म्हणू लागतात. दवाखान्याच्या वहीत जो रोग बरा झाला, तो फळीवरच्या मुनशीच्या वहीत जिवंत असू शकतो. संशोधकाने ही दुसरी वहीही उघडली पाहिजे.

दवाखान्यात जे येत नाही ते नसतेच, ही समजूत किती खोटी आहे हे ह्याच मुलखाने एकदा जगाला दाखविलेले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. विषय निराळा होता, पण आडाखा तोच: विचारावयास कोणी गेले, म्हणून कळले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. पन्नाशीनंतर गुडघे कोणाचे दुखत नाहीत? एकदा ताप येऊन गेला की पुढची प्रत्येक कळ त्याच्याच माथी मारण्याकडे मनाचा कल असतो. आमच्या मते आपल्या नैयायिकांचा भेद येथे कामी येतो. वेदना ही भोगणाऱ्याला प्रत्यक्ष आहे, तीविषयी त्याचा शब्द अखेरचा. तिचे कारण मात्र अनुमानाचा विषय, आणि त्यात भोगणाराही चुकू शकतो. कारण खात्रीने ठरत नाही म्हणून दुखणेच नाकारणे, हा अन्याय आम्ही शिकलेले लोक फार सहजपणे करतो. दीर्घकालीन अभ्यासाचे काम ह्या दोहोंना आपापल्या जागी ठेवण्याचे आहे. ताप आलेल्यांच्या जोडीला त्याच गावातील, त्याच वयाचे, तेच काम करणारे पण ताप न आलेले शेजारी घ्यावयाचे आणि दोघांकडेही वारंवार जावयाचे. २००६ च्या साथीनंतर पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातले रुग्ण दोन वर्षे पाहिले. बहुतेकांचे दुखणे कालांतराने निवळले, थोड्यांचे राहिले. ही 'थोडी' माणसे टक्केवारीत नगण्य वाटतात. लाखांना गुणले म्हणजे तसे वाटत नाही.

आता अवघड भाग. समजा, अभ्यासान्ती एखाद्या बाईचे दुखणे विषाणूचे नव्हे, ओझी वाहून झिजलेल्या गुडघ्याचे ठरले. शास्त्राच्या दृष्टीने ती तक्त्यातून गळाली. परंतु तिने चार वेळा रक्त दिले आहे आणि चार वेळा मजुरी बुडविली आहे. तिला औषध देणे आमच्या कक्षेत येत नाही, असे म्हणून संशोधकाने उठून जावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने दुखणे विचारले त्याने, कारण कोणतेही निघो, उपचाराची सोय आधी करूनच वही उघडावी. तेवढा पैसा नसेल तर थोड्या घरी जावे.

२०२४ साली नागपुरात ह्या रोगाने पुन्हा घरेच्या घरे अंथरुणास खिळविली. त्यांच्यापैकी कोण अजून कठडा धरून जिना चढतो, हे विचारण्याची वेळ गेलेली नाही. विचारणाऱ्याने मात्र नागपूरच्या वेशीवर न थांबता मोहर्लीच्या बाजूलाही यावे, आणि तेही मे महिन्यात, फळी चालू असताना.