सुवर्णनियमाचं दुकान

१९०२ साली वायोमिंगमधल्या केमरर या खाणकामगारांच्या गावात जेम्स कॅश पेनी यांनी भागीदारीत दुकान थाटलं. नाव होतं ‘गोल्डन रूल’, म्हणजे सुवर्णनियम. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या या मुलाला ती नुसती पाटी वाटत नव्हती. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण त्यांच्याशी वागायचं, हा येशूचा नियम गल्ल्यावरही पाळता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या दुकानातूनच ‘जेसी पेनी’ ही अमेरिकाभर पसरलेली साखळी उभी राहिली.

शंभर वर्षांनी तिथली छापील किंमत कुणी देईनासं झालं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या रॉन जॉन्सन यांनी हिशेब मांडला: वर्षभरात ५९० सवलत योजना, आणि पूर्ण किमतीच्या मालातून येणारं उत्पन्न एक टक्काही नाही. ॲपलची दुकानं घडवून आलेल्या या माणसाला तो खोटेपणा खुपला. १ फेब्रुवारी २०१२ पासून कूपनं बंद, भावाच्या शेपटीचे ९९ सेंट बंद. सरळ भाव. पेनींना हे मनापासून पटलं असतं.

गिऱ्हाईक मात्र निघून गेलं. एका वर्षात विक्री सुमारे १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर घसरली. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

खरं बोलणाऱ्याला माणसं सोडून का गेली? रविवारचं वर्तमानपत्र टेबलावर पसरून कात्रीनं कूपनं कापणारी एखादी गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. चाळीस डॉलरची चिठ्ठी लावलेला स्वेटर चाळीसचा नाही, हे ती जाणून असते. तो वीसला पदरात पाडून घेताना तिची नजर, तिचा हिशेब, घर चालवण्यातली तिची हातोटी कामी येते. उद्या त्यावर सरळ वीसची चिठ्ठी लागली, तर पैसे तेवढेच जातात, पण त्या व्यवहारात तिचं असं काही उरत नाही.

आपल्याला हवं तेच दुसऱ्यालाही हवं असेल, असं धरून चालणं ही सुवर्णनियमातली फट जुनी आहे. तत्त्वज्ञ कांटनं १७८५ मध्येच एका तळटिपेत हरकत घेतली होती: या नियमाच्या आधारे गुन्हेगारही न्यायाधीशाशी वाद घालील. महाभारताच्या अनुशासनपर्वात तोच नियम नकारार्थी येतो, स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये. ही मांडणी अधिक सावध आहे. तिच्यात दुसऱ्याचं भलं परस्पर ठरवण्याची मुभा नाही.

जॉन्सन यांनी ते परस्पर ठरवलं. आधी मोजक्या दुकानांत करून पाहावं, हे त्यांनी मानलं नाही. ॲपलमध्ये असं करून पाहत नसत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणा द्यायचा असेल, तर त्याला विचारणं हाही त्या प्रामाणिकपणाचाच भाग असतो, आणि तोच राहून गेला.

एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. आधीचे प्रमुख माइक उलमन परतले. मे महिन्यात कंपनीनं जाहिरात करून चूक कबूल केली: आम्ही तुमचं ऐकायला शिकलो, परत या. त्याच सुमारास दुकानांतल्या चिठ्ठ्या बदलत होत्या. भाव आधी चढवले जात होते, म्हणजे मग त्यावर सूट देता यावी.