पाळत कुणावर?

2001च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. राज्याचा आकडा होता 913. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा करणाऱ्या राज्यातला हा जिल्हा. उसाचा आणि दुधाचा पैसा हाती खेळत होता, त्यामुळे सोनोग्राफी परवडत होती. मुली कमी होण्याचं ते कारण नसेल, पण सोय नक्कीच होती.

लक्ष्मीकांत देशमुख इथे जिल्हाधिकारी असताना दोन गोष्टी झाल्या. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ फॉर्म’ ऑनलाइन भरायचा, आणि सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची पेटी जोडायची. यंत्राच्या पडद्यावर जे दिसेल ते ही पेटी साठवून ठेवी. आज आरोग्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता हा परिसंवादांचा लाडका विषय झाला आहे. तिथे नेहमी परदेशातले दाखले दिले जातात. मला मात्र ही पेटी आठवते.

रेडिओलॉजिस्टांची संघटना तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा एक मुद्दा. ऑगस्ट 2011 मध्ये याचिका फेटाळली गेली. पेटीतली चित्रं ऑनलाइन कुठे पाठवली जात नाहीत, ती यंत्रापाशीच राहतात आणि जिल्हाधिकारी किंवा सिव्हिल सर्जन यांनी सांगितलं तरच डॉक्टरांसमोर पेटी उघडली जाते, याला न्यायालयाने महत्त्व दिलं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला तेव्हा सहा वर्षं होती. पण माहिती जिथे तयार झाली तिथेच ठेवावी आणि वाटेल तेव्हा कुणी उघडू नये, ही शिस्त कोल्हापूरच्या पेटीत आधीच होती.

पुढचं यश मात्र जपून सांगायला हवं. 2011 मध्ये जिल्ह्याचा आकडा 863 झाला, तर राज्याचा 894पर्यंत घसरला. भाषणांत याचं श्रेय पेटीला देणं सोपं आहे. पण त्या जनगणनेत मोजलेली बहुतेक मुलं पेट्या बसण्याआधीच जन्मलेली होती. आकडा सुधारला हे खरं. तो पेटीनेच सुधारला, असं हा आकडा सांगत नाही. एखादी प्रणाली बसवल्यावर तिचा परिणाम कसा मोजणार, हे बसवण्याआधीच ठरवलं नाही की असं होतं. शिवाय ‘पेढा’ म्हणजे मुलगा, ‘बर्फी’ म्हणजे मुलगी, ही गर्भाचं लिंग सांगण्याची सांकेतिक भाषा पडद्यावर उमटत नाही, तेव्हा पेटीला ती दिसणार कुठून?

आता कुणीतरी म्हणेल, इतके एफ फॉर्म साठले आहेत, द्या ते यंत्राला शिकायला. मला भीती वाटते ती इथे. त्या फॉर्मवर बाईचं नाव-पत्ता असतो, वय असतं, आधीची मुलं किती आणि त्यांत मुलगे-मुली किती, हेही असतं. लिंगनिदान झालं की नाही, हे मात्र कुणीच लिहीत नाही. म्हणजे यंत्राला गुन्हा शिकवायला उदाहरणंच नाहीत; ते संशय तेवढा शिकेल. दोन मुली, तिसरं गरोदरपण, अमुक तालुका: ही झाली ‘जोखमीची’ बाई. तिच्या नावाची यादी आशाताईंच्या हाती जाईल आणि त्या दुसऱ्यांदा दारात आल्या की गल्लीला कळेल. तिसऱ्या महिन्यापर्यंत जी गोष्ट माहेरीसुद्धा जपून सांगतात, ती सरकारी यादीमुळे चव्हाट्यावर येईल. मग ती बाई नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाईल. 2017 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण सापडले. तो प्रकार एका विवाहितेच्या मृत्यूमुळे उघड झाला, कुठल्या नोंदीमुळे नव्हे.

आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्रीय कायदा तर उलटीकडून सुरुवात करतो. नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी गर्भवतीवर जबरदस्ती केली, असं गृहीत धरायला त्याचं कलम 24 सांगतं. बाईला जोखमीचे गुण देणारी प्रणाली तिलाच आरोपी धरून चालते.

कारकुनी चुकांसाठीही कारवाई होते, ही डॉक्टरांची तक्रारही झटकून टाकू नये. फॉर्ममधली त्रुटी ही निव्वळ कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. नियम कडकच हवा. पण रिकामा रकाना दिसला की आपोआप नोटीस काढणारं यंत्र बसवलं, तर लबाड माणूस सगळे रकाने नीट भरेल आणि गगनबावड्यासारख्या ठिकाणचा एकटा, प्रामाणिक डॉक्टर कटकट नको म्हणून सोनोग्राफी बंद करेल. मग रक्तस्राव होणारी बाई कोल्हापूर गाठेपर्यंत जो वेळ जाईल, तो कुठल्या तक्त्यात दिसणार?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2023 मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्यातच राखलेली आहे. त्यामुळे खरा निर्णय जिल्हा पातळीवर, अशा प्रणालीच्या निविदेच्या अटी लिहितानाच होईल.

तिथे पेटीचा मूळ विचार उपयोगी पडतो. ती यंत्रावर लक्ष ठेवत होती. एखाद्या केंद्रात महिन्याभरात यंत्रावर गर्भाच्या तपासण्या किती झाल्या आणि एफ फॉर्म किती भरले, ही वजाबाकी करायला संगणक पुरे. फरक वाढला की कायद्याने नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याने स्वतः जावं, पेटी उघडावी, डॉक्टरांचं म्हणणं ऐकावं. या हिशेबात एकाही बाईचं नाव लागत नाही.