ऐपत पाहून दंड

राज्याच्या 2006 च्या कचरा नियंत्रण कायद्याखाली 2018 साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून दंडाचे आकडे ठरलेले आहेत: पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि 3 महिन्यांपर्यंत कैद. कॅरीबॅगचा घाऊक व्यापार करणाऱ्याला आणि टोपलीत कोथिंबीर घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बाईला पहिला आकडा एकच. सोलापुरात भवानी पेठ, घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या भागांत यंत्रमागावर आणि विडीवर पोट भरणारी घरे आहेत. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. हजार विड्या वळायला बहुतेकींचा अख्खा दिवस जातो आणि माल द्यायला गेल्यावर त्यातूनही छाट निघते. तिच्या हिशेबात 5,000 रुपये म्हणजे कित्येक आठवड्यांची मजुरी. व्यापाऱ्याच्या हिशेबात ती धंद्याच्या खर्चात बसणारी रक्कम. कायद्याच्या लेखी मात्र दोघांना एकच शिक्षा झाली. हे मला न्याय्य वाटत नाही. दंड रुपयांत नव्हे, माणसाच्या कमाईत मोजायला हवा. हा विचार आपल्याला परका नाही. तो आपल्याकडे अनेकदा आला, दर वेळी अर्ध्यावर सुटला.

कौटिल्याने दंडाच्या पायऱ्या पणांत बांधल्या: पूर्वसाहस, मध्यमसाहस, उत्तमसाहस. मनुस्मृतीत एक वेगळी अडचण दिसते, ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याचे करायचे काय? क्षत्रिय, वैश्य आणि शूद्राने दंड अंगमेहनतीने फेडावा, ब्राह्मणाने हळूहळू द्यावा, असे तिचे उत्तर आहे. काम करून फेडणे आणि हप्त्याने फेडणे हे दोन्ही मार्ग तेव्हाच सुचलेले होते, फक्त कोणाला कोणता मिळणार हे जातीने ठरत होते. पेशवाईत कज्जा जिंकणारा हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी भरी. रक्कम ठरवताना ऐपत पाहिली जाई, पण ती पाहणारा कमाविसदार किंवा मामलेदार असे आणि दंड हा सरकारच्या उत्पन्नाचा भाग होता. ज्याने वसूल करायचे त्यानेच मोजायचे, अशी ही व्यवस्था. फौजदारी न्यायात ग्रंथांपेक्षा रिवाज आणि सोय यांवरच भिस्त होती, असे एल्फिन्स्टननेही 1819 च्या अहवालात नोंदवले. ऐपतीचा विचार बदनाम झाला तो इथे. तो विचार चुकीचा नव्हता. तो मर्जीच्या हाती होता.

इंग्रजांच्या दंडसंहितेने मर्जी काढून टाकली. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली मसुदा दिला, तेव्हा त्याला या शिक्षेतली विषमता पुरती ठाऊक होती. कैद किंवा मृत्यू सगळ्यांना साधारण सारखाच भोवतो, पैशाचा दंड मात्र भरणाऱ्याच्या स्थितीप्रमाणे हलका-भारी होतो, हे त्याने टिपणात मांडले आहे. म्हणूनच 1860 च्या संहितेत अनेक गुन्ह्यांना दंडाची कमाल मर्यादा नाही, फक्त तो अवाजवी नसावा अशी अट आहे. पण त्याच संहितेच्या पुढच्या कलमांनी गरिबाची वाट बंद केली. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दंड न भरल्यास 50 रुपयांपर्यंत 2 महिने, 100 रुपयांपर्यंत 4 महिने आणि त्यापुढे 6 महिने साधी कैद. रुपयाची किंमत कुठून कुठे गेली, पण हे आकडे 30 जून 2024 पर्यंत कायद्यात जसेच्या तसे होते. नव्या न्याय संहितेत 50 च्या जागी 5,000 आणि 100 च्या जागी 10,000 आले, वरची मर्यादा 6 महिन्यांवरून 1 वर्ष झाली. रुपया आणि तुरुंगातला दिवस यांची सांगड तशीच राहिली आणि भरणारा कोण, हा प्रश्न पुन्हा बाहेरच.

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर फौजदारी न्यायालयात नव्हे, गिरणीत सापडले. सोलापूर हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे, कारण 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथल्या पिढ्या भोंग्यावर जगल्या. गिरण्यांमध्ये दंड हा रोजचा भाग होता. उशीर झाला, धागा चुकला, जॉबरला म्हणजे खात्याच्या मुकादमाला उलट बोलले, की पगारातून कापले. मुंबईच्या गिरण्यांत तर बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत वळती करत. कामगारांनी यावर वर्षानुवर्षे ओरड केली, चौकश्या झाल्या, कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगाने लक्ष घातले आणि 1936 साली वेतन प्रदान कायदा आला. त्यातले दंडाचे कलम आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. कोणत्या चुकीला दंड, हे आधी मंजूर करून फलकावर लावलेले हवे. कामगाराला आपली बाजू मांडू द्यायला हवी. त्या वेतनकाळाच्या मजुरीत रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त दंड नाही. पुढे ही मर्यादा 3 टक्के झाली आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती टिकली. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दंड नाही. प्रत्येक दंडाची नोंदवहीत नोंद हवी आणि जमा झालेला पैसा मालकाच्या गल्ल्यात न जाता कामगारांच्याच भल्यासाठी लागायला हवा. मामलेदाराच्या मर्जीने बिघडवलेला ऐपतीचा विचार इथे अपूर्णांकाने दुरुस्त केला. अर्धा आणा सगळ्यांना सारखा, म्हणून पक्षपात नाही. प्रत्येकाच्या मजुरीतून, म्हणून जाच नाही. सरकारने मालकाला ही शिस्त लावली, स्वतःला कधीच लावली नाही.

चुकीसाठी मजुरीला लावलेली कात्री आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. गुन्ह्याला 3 टक्के पुरणार नाहीत. पण मी मर्यादा उचलायला सांगत नाही, मोजमाप उचलायला सांगतो. फिनलंडने 1921 मध्ये, स्वीडनने 1931 मध्ये आणि जर्मनीने 1975 मध्ये हेच केले: गुन्हा किती गंभीर त्यावर दिवस ठरवायचे, कमाई किती त्यावर एका दिवसाची रक्कम. 2002 मध्ये फिनलंडमध्ये नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगमर्यादा मोडल्याबद्दल 1,16,000 युरो दंड झाला. तो नंतर कमी झाला, पण श्रीमंताच्या खिशालाही शिक्षा जाणवू शकते हे दिसले. इंग्लंडमध्ये मात्र 1992 च्या ऑक्टोबरात लागू झालेली अशीच पद्धत पुढच्याच वर्षी गुंडाळावी लागली. उत्पन्न न सांगणाऱ्याला सर्वांत वरचा दर लागे आणि किरकोळ गुन्ह्याला भलतीच रक्कम निघे. हा धडा मोलाचा आहे, कारण आपल्याकडे बहुतांची कमाई कागदावर नाही. तरी आपले सरकार शिष्यवृत्तीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागते, धान्याला पिवळे, केशरी, पांढरे कार्ड पाहते, मोफत वकील देताना उत्पन्नाची मर्यादा लावते. विडी आणि यंत्रमाग या धंद्यांचे किमान वेतन सरकारच जाहीर करते. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या दिवसाची किंमत किमान वेतनाइतकी धरली, तर इंग्लंडची चूक टळते. श्रीमंत उत्पन्न लपवेल, हे खरे. पण तो प्राप्तिकरातही लपवतो, तरी आपण प्राप्तिकर माणशी सारखा केलेला नाही.

मोठा दंड नसेल तर जरब राहणार नाही, असेही म्हणतात. सोलापूरजवळच्या तांड्यांवरची हातभट्टी याला उत्तर देते. छापा, गुन्हा, दंड आणि पुन्हा भट्टी, असा फेरा तिथे पिढ्यानपिढ्या चालला, कारण दंड भरायलाही दुसरी कमाई नव्हती. 2021 मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले, अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घेतली आणि मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी छाप्याच्या जोडीला दुसऱ्या रोजगाराची वाट दाखवली. रकमेने जे झाले नाही त्याला हात घालायचा तर ऐपतीकडे पाहावे लागते, हे पोलिसांनाच उमगले.

कायदा मात्र उलट दिशेने निघाला आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड 500 वरून 5,000 झाला. 2023 च्या जनविश्वास कायद्याने अनेक कलमांतली कैद काढली, हे चांगले झाले, पण तिच्या जागी बसलेला दंड दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढणार आहे. मजुरी तशी वाढेलच असे नाही. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. दंड भरता न आल्यामुळे आत राहिलेल्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत रक्कम सरकार भरते. या योजनेने अनेकांची सुटका व्हावी. पण सरकारने लावलेला दंड सरकारनेच भरायचा, तोही माणूस तुरुंगात काही दिवस काढून झाल्यावर, याचा अर्थ तो दंड पहिल्या दिवशीच त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. दंड न भरल्याची कैद ही मूळ शिक्षेचा भाग नव्हे आणि ती ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने शांतिलाल प्रकरणात 2007 मध्येच सांगितले आहे. दंडासाठी 30 दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देण्याची सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. संसदेने दिवसाचे मोजमाप आणेपर्यंत दंडाधिकाऱ्याला निकालपत्रात एवढे तरी लिहायला लावता येईल: आरोपी काय काम करतो, दिवसाला किती मिळवतो आणि लावलेला दंड त्याच्या किती दिवसांच्या मजुरीइतका आहे.